मागाचा खड्डा

वडगावात आमच्या गल्लीत
घर मोजायचे खड्ड्यावर.
एका मागाचं घर, दोन मागांचं घर.
आमचा खड्डा एकच.
अप्पा त्यात मांड्यांपर्यंत उतरायचा
आणि दिवसभर उरलेला अर्धा माणूस
धोटा फेकत राहायचा.

त्या वर्षी सूत महागलं, की मिळेनाच,
मला नीट आठवत नाही.
आठवते ती खळ.
आई जोंधळ्याचं पीठ शिजवून ताण्याला पाजायची.
आधी सूत प्यायचं,
मग बुडाशी उरेल ते मी आणि पारू,
मीठ घालून.
सुताला कमी पडलं तर धागा तुटायचा
आणि सावकार ओरडायचा.
आम्हाला कमी पडलं तर
कसलाच आवाज व्हायचा नाही.

शाळेच्या भिंतीवर डांबरानं लिहिलं होतं
मातु कडिमे, दुडिमे हेच्चु.
अप्पाला कन्नड वाचता येत नव्हतं.
मी सांगितलं, बोलणं कमी, राबणं जास्त.
"हे आम्हाला कशाला सांगूलालेत गा?"
एवढंच म्हणाला, आणि तेवढंही हळू.
कारण पलीकडचा बसाप्पा
चहाच्या गाड्यावर काहीतरी बोलला होता
आणि हिंडलग्याला गेला होता.
काय बोलला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
आम्ही पोरं हिंडलगा-हिंडलगा खेळायचो.
जो आधी बोलेल तो आत.
पारू पाच वर्षांची,
ती कधी हरली नाही.

मग मुतगेकर मास्तर घरोघर हिंडू लागले.
काखेत रजिस्टर, पायात तुटकी चप्पल.
महिन्याला दोन केसी,
नाहीतर पगार बंद.
केस म्हणजे काय, मी आईला विचारलं.
तिनं माझे केस ओढून वेणीसारखे पिळले
आणि म्हणाली, गप.

ते आमच्या दारात वाकले तेव्हा
अप्पा खड्ड्यात पूर्ण उतरला,
गुडघे पोटाशी घेऊन, पावड्यांशेजारी.
आईनं मला मागावर बसवलं.
माग थांबला तर गल्लीला कळतं,
म्हणून माग थांबायचा नाही.
मी धोटा फेकला.
खाली अंधारात अप्पानं हातानं पावडी दाबली.
खट्.
पुन्हा धोटा, पुन्हा हात.
खट्.

"अप्पा कुठाय रे?"
"गोकाकला गेलाय, सर. मिलमध्ये काम बघायला."
मास्तर खाली बसले.
तेच मला दोनाचा, तेराचा पाढा शिकवणारे.
त्यांनी माझे पाय बघितले.
पाय हवेत लोंबत होते,
पावडीपासून वीतभर वर,
आणि पावडी खाली जात होती.
वर येत होती.
खाली जात होती.

मला अजून वाटतं,
तेव्हा त्यांनी मोजलं असणार.

"नव्वा वर्षी बरंच शिकलास की," म्हणाले.
आईनं वाटीभर खळ पुढं ठेवली,
त्या दिवशी घरात तेवढंच होतं.
त्यांनी ती उभ्यानं नाही,
मांडी घालून, हळूहळू प्यायली.
बोटानं वाटी पुसली.
आणि रजिस्टर न उघडता गेले.

अप्पा वर आला तेव्हा
त्याच्या तळहातांवर पावडीची दोरी उमटली होती.
कुणीच काही बोललं नाही.
भिंतीवरचं कन्नड
आम्ही मराठीत पाळलं.

त्या लुगड्यात चार बोटं वीण
सैल पडली होती.
सावकारानं उजेडाला धरून दाखवली
आणि तीन रुपये कापले.

दिवाळीनंतर शाळेत दुसरे मास्तर आले.
कुणी म्हणालं, मुतगेकरांची बदली झाली, रायचूरकडे.
कुणी म्हणालं, दोन नावं भरत नव्हती
तर त्यांनी एक स्वतःचं लिहिलं.
लग्न व्हायचं होतं त्यांचं, असंही कुणीतरी म्हणालं.
मी विचारलं नाही.
मला विचारायची सवय राहिली नव्हती.

ते लुगडं कुणीतरी नेसलं असेल,
चार वर्षं, पाच वर्षं, मग गोधडीला लावलं असेल.
सैल जागा आधी विरली असेल.
मला आता चष्मा लागतो,
तरी कापडाच्या दुकानात गेलो
की हात आपोआप
पदर उजेडाला धरतो.